टिपूस नसलेले रडणे

नळी वापरण्याआधी ती शून्य तीनदा तपासत असे. पाण्याने भरलेल्या उंच काचपात्रात ती करंगळीहून बारीक, लवचीक नळी बुडवायची. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एका पातळीवर आल्या की बाहेर काढून पुसायची, आणि पुन्हा बुडवायची. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे एकदाच करायला सांगितले होते. पण दोनदा करून तिचे हात थांबत नसत, आणि तीनदा करून मन थांबत नसे. मुलांच्या इस्पितळातल्या त्या मागच्या खोलीत तिला अकरा वर्षे झाली होती. एवढ्या काळात तिला खुर्चीत निवांत बसलेले कुणी पाहिले नव्हते. वॉर्डातली सिस्टर म्हणायची, "ताई, तुमची खुर्ची विकायला काढा. नवी कोरीच आहे."

डॉक्टर तिला ताई म्हणत, मुले नळीमावशी. तिचे काम होते दाब मोजणे. अन्नाची वाट म्हणजे एक लांब बोळ आहे, आणि त्या बोळात ठिकठिकाणी स्नायूंच्या कड्यांची दारे आहेत. ही दारे एरवी आवळलेली असतात, काही आले की सैल होतात, ते गेले की पुन्हा आवळतात. काही मुलांची दारे सैलच होत नाहीत. सकाळी तिच्याकडे खालच्या दाराची तान्ही बाळे येत. जन्मल्यापासून पोट फुगलेले, शी अडलेली. दुपारी वरच्या दाराची मुले येत. यांचा घास छातीशी अडून उलटा येई. खालच्या दाराचे डॉक्टर तळमजल्यावर बसत, वरच्या दाराचे दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या फायली वेगळ्या, परिषदा वेगळ्या, आणि कँटीनमधली टेबलेही वेगळी. दोन्ही दारांशी रोजचा संबंध असलेली त्या इमारतीत ती एकटीच होती. म्हणून तिला जे दिसे ते इतरांना सहसा दिसत नसे: सकाळच्या बाळाचा आलेख आणि दुपारच्या मुलाचा आलेख पुष्कळदा एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखे असत. जी रेघ खाली यायला हवी, ती दोन्हीकडे वरच्या वर ताठ उभी.

दुसऱ्या मजल्यावरच्या वरिष्ठ डॉक्टरांना तिने एकदा याचे कारण विचारले होते. ते शिकवण्याच्या लहरीत होते. "आवळ म्हणणाऱ्या नसा वेगळ्या, ताई, आणि सैल हो म्हणणाऱ्या वेगळ्या. दुसऱ्या जातीच्या पेशी नसल्या किंवा आजारी पडल्या की दार अडतं. तान्ह्या बाळात त्या खालपर्यंत पोचलेल्याच नसतात. मोठ्या मुलात असतात, पण मरतात. का मरतात, ते दर वेळी कळत नाही."

"म्हणजे मूळ एकच असू शकेल?"

"असू शकेल आणि आहे, यात अख्खं आयुष्य जातं," ते म्हणाले होते.

हे वाक्य तिने मनावर घेतले, आणि तिथेच फसली. सहा वर्षांपूर्वीच्या एका महिन्यात तिला ओळीने सहा मुले एकसारख्या आलेखाची मिळाली. वये वेगळी, घरे वेगळी, तक्रारी वेगळ्या, रेघ मात्र तीच. तिने सहाही आलेख टेबलावर शेजारीशेजारी मांडून सरांना बोलावले. सर थक्क झाले. बैठक भरली, दोन्ही मजल्यांचे डॉक्टर पहिल्यांदाच एका खोलीत आले, आणि तिला पहिल्या रांगेत बसवले गेले. पुढच्या आठवड्यात यंत्राच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाने नळी हातात धरली आणि दोन मिनिटांत सांगितले की तिच्यातला दाब टिपणारा एक बिंदू, दाबबिंदू, मेला आहे. तो कुणाच्याही पोटात घाला, एकच आकडा दाखवील. सहांपैकी एका मुलाची शस्त्रक्रिया ठरली होती. ती वेळेत रद्द झाली, एवढेच नशीब.

वर्षभर कँटीनमध्ये विनोद चालला: सगळ्या मुलांच्या आजाराचं मूळ एकच, ताईंची नळी. ती स्वतःही हसत असे. सर्वांआधी हसले की हसू लवकर संपते. पण तेव्हापासून शून्य तीनदा तपासणे सुरू झाले. गॉजचा प्रकारही तेव्हाचाच.

मूल रडले की आलेखावर काट्यांसारखी टोके उमटतात आणि मोजणीवरचा भरवसा कमी होतो. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर 'मुलाचे सहकार्य' असा एक रकाना होता. तो कसा भरायचा हे कुणी सांगितले नव्हते. यंत्रावरचा विश्वास उडाल्यावर हाताला लागेल तेच खरे, असे तिने ठरवले. तपासणी संपली की ती गॉजच्या घडीने मुलाचे डोळे टिपायची आणि घडी बोटांत दाबून पाहायची. कोरडी असेल तर 'उत्तम', ओलसर असेल तर 'बरे', चिंब असेल तर 'वाईट'. फॉर्म तिच्या कपाटात राहायचा, आलेख वर सरांच्या फायलीत जायचा. पद्धत साधी होती आणि तिला फार भरवशाची वाटे.

ती मुलगी दुपारी तीनला आली. सहा वर्षांची, हडकुळी, आईच्या कडेवर बसण्याचे वय उलटूनही कडेवर. दोन वर्षे घास अडत होता. आता पाणीही अडू लागले होते. निदान झालेलेच होते, ही तपासणी शेवटची खात्री म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिलीच शस्त्रक्रिया तिची.

"ओरडेल हं ती," आईने आधीच सांगितले. "तुम्ही लक्ष देऊ नका. एक नंबरची नाटकी आहे."

"मी नाटकी नाहीये," मुलगी आईच्या खांद्यातून म्हणाली.

"नाही तर काय! गळा काढते आणि डोळ्यांत टिपूस नाही. हिची आजी म्हणते, हिला सिनेमात घाला. तिथे तरी पाणी डोळ्यांत घालणारा माणूस ठेवतात."

नळीमावशीने मुलीला खाटेवर बसवले आणि तिच्या हातात पाण्याची छोटी, सुई नसलेली पिचकारी दिली. "हे बघ, नळी नाकातून जाताना रडायचं नाही, गिळायचं. मग झालं की हवं तेवढं रड. दोन बादल्या रड."

मुलीने थोडा विचार केला. "माझ्याकडे नाहीत," ती म्हणाली.

नळीमावशी हसली. मुलाच्या बोलण्याला माणूस हसतो तशी, पुढे काही न ऐकता.

नळी जाताना मुलीने आकांत केला. आईने तिचे हात धरून ठेवले, आणि धरता धरता त्या हातांची लाज वाटल्यासारखी म्हणाली, "बोटांकडे बघू नका. पेरांवरचा मळ जातच नाही. रोज ब्रशने घासते मी, घासून घासून साल निघतं, पण काळं ते काळंच." बोटांची पेरे खरोखरच काळवंडलेली होती, तोंड उघडल्यावर हिरड्यांची कडही. नळी जागेवर बसली. मुलीने दहा घोट गिळले. दहाही वेळा खालची रेघ ताठ राहिली.

"सकाळी उठते का नीट?" नळीमावशीने उगाच विचारावे तसे विचारले. तपासणीसाठी मुलगी सकाळपासून उपाशी होती आणि तिचे डोके सारखे कलत होते.

"छे! हाका मारून घसा बसतो. परवा काही न खाता शाळेत गेली तर प्रार्थनेला भोवळ आली. बाई म्हणाल्या, नाटक."

नळी निघाली. मुलगी पुन्हा ओरडली. नळीमावशीने गॉजने डोळे टिपले, घडी दाबली. कोरडी. तिने फॉर्मवर 'उत्तम'पुढे खूण केली, आईला उद्याच्या उपासाच्या सूचना दिल्या, आणि त्या दोघी गेल्या.

नळी धुताना तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने हात पुसले, पडद्यावरचा आलेख पुन्हा काढला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काटेच काटे. असा आलेख ज्या मुलाचा असतो त्याच्या गॉजमधून पाणी पिळून काढता येते. तिने कचऱ्याच्या डब्यातून ती घडी उचलली. पुन्हा दाबली. मग स्वतःच्या गालाला लावून पाहिली.

वरिष्ठ डॉक्टर तिला जिन्यात भेटले, एका हाताने कोट चढवत.

"सर, ती उद्याची मुलगी. रडते, पण अश्रूच येत नाहीत. आणि बोटांची पेरं काळी आहेत. म्हणजे मला वाटतं, दार आणि हे, कदाचित दोन्हींचं..."

"कारण एकच?" सर दोन पायऱ्या खाली उतरले होते, वळून हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, हेच वाईट होते. "ताई, नळी तपासलीत ना?"

"तीनदा, सर."

"मग झालं. मुलगी आठवडाभर धड पाणी प्यालेली नाही, अश्रू कुठून येणार? उद्या आठला भूल. तिला मोकळं करून टाकू."

उत्तर बरोबर असण्यासारखे होते. वाळलेल्या शरीरात अश्रू आटतात हे तिलाही माहीत होते. पण टिपूस नसल्याचे आजीला आठवडाभर नव्हे, कधीपासून ठाऊक होते. सिनेमाचा विनोद एका आठवड्यात जुना होत नाही. हे तिला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सुचले. तोवर सरांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

घरी ती आणि सासूबाई दोघीच असत. नवऱ्याची नोकरी फिरतीची. संध्याकाळी सहाला सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे, हा वर्षभराचा नेम. त्या दिवशी तिने थेंब घातले, बाटली ठेवली, स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा थेंब घातले, पुन्हा गेली, ओट्यावरचा कपडा धुतला, वाळत घातला आणि वाळत घातलेला काढून पुन्हा धुतला.

"सूनबाई," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "एकाच डोळ्यात दोनदा घातलेस. दुसऱ्याने काय पाप केलंय?"

"चुकलं."

"काय झालंय तुला? पायाला भिंगरी लागल्यागत फिरतेयस. एक तर बस, नाही तर मला तरी फिरव."

तिने दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला आणि बाटलीकडे पाहत राहिली. "आई, तुमचे डोळे कोरडे आहेत हे डॉक्टरांना कसं कळलं हो?"

"कसं म्हणजे? तूच नव्हतीस का माझ्याबरोबर? खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवलं माकडासारखं. समोरचा म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता, आणि त्याच्याही डोळ्यांतून कागद लोंबत होता." सासूबाईंनी डोळे उघडले. "मघापासून जे तुझ्या पोटात आहे ते ओक एकदा."

तिने सांगितले. मुलगी, गॉज, पेरे, जिना. मेलेल्या दाबबिंदूची गोष्ट सासूबाईंना माहीत होती. त्या वर्षी सून रात्रीची जेवत नव्हती हेही माहीत होते.

"समज, पुन्हा चूक निघाली," सासूबाई म्हणाल्या. "काय होईल?"

"हसतील."

"आणि नाही सांगितलंस, आणि बरोबर निघालं तर?"

तिने थेंबांच्या बाटलीचे झाकण घट्ट लावले. मागे भूल देणारे डॉक्टर चहा पिताना एकदा बोलले होते ते तिला आठवत होते: रोगाची मला भीती नाही, मला भीती न सांगितलेल्या गोष्टीची.

सकाळी साडेसहाला ती डोळ्यांच्या विभागाच्या दारात होती. तिथला शिपाई कुलूप काढत होता. "कागदाच्या पट्ट्या? नळीमावशी, आता डोळ्यांतपण नळ्या घालणार का?" असे म्हणत त्याने दोन पाकिटे दिली. सात वाजता ती वॉर्डात पोचली. मुलगी रात्रीपासून उपाशी, खाटेवर निपचित. आई तिला हलवून म्हणत होती, "उठ ना गं. आज तरी नाटक नको."

भूलतज्ज्ञ शेजारच्या खाटेशी कागद वाचत उभे होते. ती त्यांच्यासमोर गेली. रस्ताभर तयार केलेली वाक्ये ऐन वेळी उलटसुलट झाली.

"सर, ही मुलगी रडते पण तिला अश्रू येत नाहीत. लहानपणापासून. पेरं काळी आहेत, हिरड्या काळ्या आहेत. उपाशी राहिली की भोवळ येते. मी टेक्निशियन आहे, मला याचा अर्थ माहीत नाही. पण तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतेय."

त्यांनी कागदावरून मान वर केली. "नळीत काही...?"

"यात नळी नाही, सर. यात कागद आहे." तिने पाकीट पुढे केले.

"माझ्याकडे पाच मिनिटं आहेत."

"पाचच लागतात."

पट्ट्या त्यांनी स्वतः लावल्या. मुलीने कुरकुर केली, विरोध करण्याइतके तिच्यात त्राण नव्हते. ती पाच मिनिटे नळीमावशीला त्या अकरा वर्षांहून लांब वाटली. तिने सलाइनचा रिकामा स्टँड सरळ केला, खाटेची चादर ताणली, स्टँड पुन्हा होता तिथे ठेवला. निरोगी मुलाच्या डोळ्यातला कागद एव्हाना निम्मा भिजला असता. हा वरपासून खालपर्यंत कोरा होता. भूलतज्ज्ञांनी मुलीची बोटे उजेडात धरली, तिचे तोंड उघडून पाहिले, आणि एकदम आवाज बदलून सिस्टरला म्हणाले, "साखर बघा. आत्ता."

सिस्टरने बोट टोचले. "सर, अडतीस." असायला हवी होती निदान सत्तर.

मग सगळे भराभर झाले. रक्ताच्या नळ्या भरल्या, शिरेतून साखर सुरू झाली, आणि पाठोपाठ एक इंजेक्शन. आठच्या शस्त्रक्रियेवर काट मारली गेली. दहा मिनिटांत मुलीने डोळे उघडले आणि भूक लागली असे सांगितले.

साडेआठला वरिष्ठ डॉक्टर आले, रागावूनच आले. पट्ट्या आणि साखरेचा आकडा पाहिल्यावर त्यांचा राग उतरला. भूलतज्ज्ञ त्यांना आईसमोरच, तिला कळेल अशा भाषेत सांगू लागले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. शरीराला धक्का बसला की तो पेलणारे संप्रेरक ती तयार करते. या मुलीची ती ग्रंथी बहुधा काम करत नाही. पेरे त्यामुळेच काळी, उपासाने साखर उतरते तीही त्यामुळेच. अश्रूंच्या ग्रंथीही नाहीत म्हणाव्यात अशा. फार थोड्या मुलांत ही दोन्ही आणि अन्ननलिकेचे अडलेले दार, तिन्ही एकाच जन्मजात दोषातून येतात. रक्ताचे अहवाल आल्यावर खात्री होईल. "तोवर भूल नाही. आज दिली असती तर ती बहुधा उठली नसती."

 आईने मुलीचा सोललेला हात उचलला, पेरांवरून अंगठा फिरवला. "मळ नव्हता?" तिने विचारले.

"नव्हता."

"आणि रडणं?"

"ते खरं होतं," नळीमावशी म्हणाली.

"मी सांगत होते," मुलगी म्हणाली. तिचे तोंड बिस्किटाने भरलेले होते, अर्ध्याहून जास्त बिस्कीट खाली उतरत नव्हते, तरी ती चघळत होती.

वरिष्ठ डॉक्टरांनी बाहेर येऊन तिला गाठले. "काल नीट का नाही सांगितलंत, ताई?"

"सांगायलाच आले होते, सर. जिन्यात."

त्यांनी मान खाली घातली. "खालच्या दाराच्या मुलांचं मूळ वेगळं आहे हं," ते म्हणाले, कदाचित काही तरी बोलायचे म्हणून. "सगळ्यांचं एक नाही."

"माहीत आहे, सर."

अहवाल चौथ्या दिवशी आले आणि अंदाज खरा ठरला. औषध सुरू करून तीन आठवड्यांनी मुलीची शस्त्रक्रिया झाली. कँटीनमध्ये दोन्ही टेबलांवरून तिला बोलावणे आले. कुणी चहा पाजला, कुणी म्हणाले, ताई, आता तरी खुर्चीवर बसा. ती सर्वांबरोबर हसली. या वेळीही सर्वांआधी.

पण ती बसली नाही. मुलगी घरी गेली त्या दिवशी दुपारची तपासणी रद्द झाली होती आणि खोली रिकामी होती. तिने कपाट उघडले. सहा वर्षांचे फॉर्म तिथे गठ्ठ्यांनी होते, तिच्याच हाताच्या खुणांसह: चिंब गॉजला 'वाईट', ओलसरला 'बरे'. कोरड्याला 'उत्तम'. शांत मुलाचा गॉज कोरडा असतो. आणि जिला अश्रूच नाहीत त्या मुलीचाही. दोहोंतला फरक फॉर्मवर नव्हता. तो आलेखावर होता, काट्यांत; आणि आलेख वरच्या मजल्यावर. ते दोन कागद सहा वर्षांत कुणी शेजारीशेजारी ठेवले नव्हते. ही पद्धत कुणी लादलेली नव्हती, तिचीच होती. चूक होऊ नये म्हणून तिने शोधलेली.

ती वर गेली आणि सरांकडे वरच्या दाराच्या मुलांच्या सगळ्या फायली मागितल्या. कशाला, हे त्यांनी विचारले नाही. स्वतः दोन खेपा करून त्यांनी गठ्ठे खाली आणून दिले आणि हवे तेव्हा मुलांच्या घरी फोन करायची परवानगी लिहून दिली.

तिने फॉर्म डावीकडे ठेवला, आलेख उजवीकडे. गॉज कोरडा, आलेख शांत: बाजूला. गॉज चिंब, आलेख काटेरी: बाजूला. असे एकेचाळीस झाले. बेचाळिसाव्याला हात थांबला. पाच वर्षांपूर्वीचा मुलगा, तेव्हा चार वर्षांचा. 'सहकार्य उत्तम.' उजवीकडे पहिल्या घोटापासून काटेच काटे. शस्त्रक्रिया पार पडल्याची नोंद होती. पुढच्या भेटींची नव्हती.

ती उठली, काचपात्राजवळ गेली, नळी बुडवून शून्य पाहिले. पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा पाहायला थांबली नाही. परत येऊन फॉर्मवरचा फोन नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला.

"मी मुलांच्या इस्पितळातून बोलतेय," ती म्हणाली. "नळीमावशी. तुमच्या मुलाची तपासणी मी केली होती. घाबरू नका, एकच विचारायचं होतं." तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "तो रडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का हो?"

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला. मग बाई म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"